लॉग ऑफ करण्यापूर्वी

परकायाप्रवेश हा शब्द आम्ही दोघे गेली अनेक वर्षे वर्गात समजावून सांगत आलो आहोत. द्वारावतीच्या चांगदेव राऊळांनी देह ठेवून भडोचच्या हरिपाळदेवाच्या मृत देहात प्रवेश केला आणि तेच पुढे श्रीचक्रधर म्हणून ओळखले गेले, ही महानुभाव परंपरेतील कथा विद्यार्थी कुतूहलाने ऐकतात आणि परीक्षेत टीप म्हणून लिहितात. आमचाही तिच्याशी संबंध एवढाच होता. २०२१ च्या मे महिन्यात मात्र या शब्दाने आम्हांस अनपेक्षित ठिकाणी गाठले.

सातारा जिल्ह्यातील आमचे महाविद्यालय तेव्हा बंद होते. विभागातील ज्येष्ठ बाई एप्रिलमध्ये करोनाने गेल्या. माण-खटाव भागात हिंडून त्यांनी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या महाविद्यालयाच्या जुन्या सर्व्हरवर होत्या आणि तो सर्व्हर जूनअखेर मोडीत निघणार होता. फायली उचलून घरी आणणे अवघड नव्हते. अवघड होते ते वाचणे. बाईंनी सारे टंकन युनिकोडपूर्व काळातील एका फॉन्टमध्ये केले होते. अशा फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवलेली असतात. फॉन्ट नसलेल्या संगणकावर ओवीच्या जागी रोमन अक्षरांचा निरर्थक कचरा दिसतो. महानुभावांच्या सकळ लिपीतील पोथ्या शतकानुशतके मराठी वाचकांना बंद राहिल्या, त्याचे स्मरण व्हावे अशीच ही स्थिती. तिथे लिपी हेतुतः गूढ केलेली होती. इथे आमच्या हयातीतच किल्ली हरवली होती.

तो फॉन्ट फक्त सर्व्हरवर उरला होता. म्हणून रिमोट डेस्कटॉपने तिथे पोहोचायचे ठरले. यात आपण दाबलेल्या कळांचे आणि माउसच्या हालचालींचे संदेश तिकडे जातात, आणि तिकडच्या पडद्याचे चित्र इकडे येते. मजकूर इकडे येत नाही, त्याचे रूप येते. त्यामुळे घरच्या संगणकावर फॉन्ट नसतानाही ओवी स्वच्छ वाचता येते. युनिकोडमध्ये रूपांतर करून जोडाक्षरांतल्या चुका त्या रूपाशी ताडून दुरुस्त करायच्या, अशी आमची योजना होती.

पहिल्या संध्याकाळी आमच्यापैकी एकाला प्रवेश मिळाला, दुसऱ्याला नाकारला गेला. जोडण्यांची कमाल मर्यादा ओलांडली आहे, असा निरोप आला. विंडोज सर्व्हर २००३ वर अशी दोनच सत्रे एका वेळी चालतात हे ठाऊक होते. पण आम्ही तर दोघेच होतो. टास्क मॅनेजरमध्ये वापरकर्त्यांची यादी उघडली. तिथे बाईंचे नाव होते आणि त्यापुढे स्थिती लिहिली होती : डिस्कनेक्टेड.

खिडकी नुसती बंद केली, तर जोडणी तुटते पण सत्र संपत नाही. उघडलेल्या फायली, अर्धे वाक्य, लुकलुकणारा कर्सर, सारे तिकडे तसेच थांबून राहते. सत्र संपते ते लॉग ऑफ केल्यावर. बाई घरून काम करीत होत्या. एके दिवशी त्यांनी खिडकी बंद केली असेल, उद्या पुन्हा येण्यासाठी. या सर्व्हरला २०१५ पासून अद्यतने मिळत नव्हती, म्हणून तो आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू झाला नाही, आणि बाईंची बैठक मोडली नाही.

ते सत्र तसेच संपवून जागा मोकळी करणे सोपे होते. आमच्याने ते झाले नाही. बाईंच्या मुलीची संमती आणि प्राचार्यांची परवानगी घेतल्यावर संगणक विभागातील सहकाऱ्याने पासवर्ड बदलून दिला. बाईंच्या नावाने आम्ही आत शिरलो.

पडद्यावर एक कोष्टक उघडे होते, जतन न केलेले. ओवीचा क्रमांक, गाव आणि गाणारणीचे नाव. आम्ही क्षणभर स्तब्ध झालो. कारण दोन वर्षांपूर्वी संग्रहाचा खर्डा वाचताना ही नावे गाळावीत असा सल्ला आम्हीच दिला होता. ओवी ही समूहाची निर्मिती, तिला कर्ता नसतो, व्यक्तिनामांनी संग्रहाला जडत्व येते, असे आमचे शास्त्रशुद्ध म्हणणे होते. बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतले होते. त्या वाद घालीत नसत. नावे मात्र एकेक करून पुन्हा भरीत होत्या. शेवटच्या ओळीत गाव लिहिलेले होते. नावाचा रकाना रिकामा होता.

आम्ही फाईल जतन केली. पुढचे तीन आठवडे रोज रात्री आम्ही त्या पडद्यासमोर बसलो. कोष्टकातील प्रत्येक नाव आता ओवीखाली आहे. राहिलेल्या एका नावासाठी त्या गावी फोन केले. कुणाला आठवले नाही. तो रकाना रिकामाच ठेवला आहे, गाळलेला नाही.

सर्व्हर उचलून नेण्याच्या आदल्या रात्री सर्व फायली पुन्हा एकदा उघडून पाहिल्या. मग दोघांनी फोनवर एकमेकांना सांगून बाईंच्या नावाने लॉग ऑफ केले.