दोन इंचांच्या आतला चाकू

मला हे इतक्या वर्षांत कुणी सांगितलंच कसं नाही? कॅलिफोर्नियात राहते, परसात दोडक्याचा मांडव घालते, कढीपत्त्याच्या कुंड्या बदलते, मंडळाच्या गणपतीत तोरणं बांधते, दाराशी येणारी खोकी फोडते. या प्रत्येक कामात एक हात अडकलेला असतो आणि एकच मोकळा. त्या मोकळ्या हातासाठी बेतून केलेली वस्तू जवळच्या दुकानात काचेच्या कपाटात मांडून ठेवलेली होती, आणि मी स्वयंपाकघरातल्या कात्रीच्या मागे धावत होते! ती वस्तू म्हणजे खिशात मावणारा, खटक्याचा, इवलासा चाकू. बटण दाबायचं, टक्, पातं बाहेर. बस्स.

शोध लागला तो शेजारच्या आजोबांमुळे. आयुष्यभर सुतारकाम केलेले गृहस्थ. मी शिडीवर, डाव्या हातात वेल धरलेला, गाठ मारून झालेली, लोंबणारी सुतळी कापायची राहिलेली आणि कात्री खाली गवतात. आजोबा कुंपणापाशी आले, शर्टाच्या खिशातून काहीतरी काढलं, टक् असा आवाज झाला आणि सुतळी तुटलीसुद्धा. मला नीट दिसायच्या आत ते पुन्हा खिशात गेलं होतं. मी शिडीवरून उतरले ती थेट त्यांच्यापुढे हात पसरून. दाखवा!

माझ्या पिढीच्या मराठी माणसाला बटणाचा चाकू म्हटलं की रामपुरी आठवतो. हिंदी सिनेमातली अंधारी गल्ली, गळ्यात रुमाल बांधलेला गुंड आणि तो आवाज. आजोबांनी त्यांचा चाकू माझ्या तळहातावर ठेवला आणि ते सगळं चित्र पुसलं गेलं. मिटलेला असताना जेमतेम तीन इंच. करड्या अ‍ॅल्युमिनियमची गुळगुळीत मूठ, एका कडेला क्लिप, आणि अंगठा आपसूक टेकेल तिथे गोल बटण. ते मी दाबलं. हाताला हलकासा धक्का बसला आणि दोन इंचांहूनही लहान पातं समोर ताठ उभं राहिलं. मी ते मिटून परत उघडलं. परत मिटलं, परत उघडलं. आजोबा हसत म्हणाले, "सगळ्यांचं असंच होतं."

पण हे चालतं का? कायद्यात बसतं? हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल, आणि त्याचं उत्तर इतकं मजेशीर निघालं की मी त्या रात्री जागून वाचत बसले. कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेतलं १७२३५ वं कलम बटणाच्या चाकूची व्याख्या करतं, आणि व्याख्येतच म्हणतं की पातं दोन इंच किंवा त्याहून लांब असेल तरच तो त्या जातीचा चाकू. तसा चाकू अंगावर बाळगणं, गाडीत जवळ ठेवणं, विकणं या सगळ्याला २१५१० वं कलम मनाई करतं. आणि पातं दोन इंचांपेक्षा कमी असेल तर? या कलमांच्या दृष्टीने तो त्यातला नाहीच! या एका ओळीमुळे अमेरिकेतल्या चाकू बनवणाऱ्यांनी चिमुकल्या खटक्याच्या चाकूंचं एक आख्खं घराणं उभं केलं आहे. १.९ इंच, १.९४ इंच, १.९८ इंच. मला तर वाटतं, या मर्यादेनेच त्यांच्याकडून सगळ्यात देखणं काम करून घेतलं.

मनाईचा इतिहास त्याहून रंजक आहे. खटक्याचे चाकू अमेरिकेत मुळात साध्या कामाचे होते. न्यूयॉर्क राज्यातल्या जॉर्ज श्रेड यांनी १८९२ साली आपल्या बटणाच्या चाकूचं पेटंट घेतलं आणि १९०४ मध्ये वॉल्डन या गावी कंपनी काढली. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांना असाच चाकू दिला जाई. छत्रीच्या दोऱ्यांत अडकलेला सैनिक एका हाताने त्या कापून सुटू शकेल म्हणून. मग १९५० साली एका महिला मासिकात या चाकूंना प्राणघातक खेळणं ठरवणारा लेख आला, पाठोपाठ सिनेमांतून टोळक्यांच्या हाती ते चमकू लागले. 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' आठवतो ना? बासू चटर्जींनी ज्यावरून 'एक रुका हुआ फैसला' केला, तोच. त्यात टेबलावर येतो तो असाच चाकू. १९५८ मध्ये केंद्राने कायदा केला आणि या चाकूंच्या आंतरराज्य व्यापारावर बंदी घातली.

आता ऐका, मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. त्या १९५८ च्या कायद्यातच एक सूट आहे. ज्या माणसाला एकच हात आहे, त्याला तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा खटक्याचा चाकू जवळ बाळगता येईल. म्हणजे हे अवजार खरोखर कशासाठी आहे, ते बंदी घालणाऱ्यांनाही ठाऊक होतं! ते वाचल्यावर मी मनाशी यादीच करायला लागले. शिडीवरची मी. बाळ कडेवर घेऊन औषधाच्या खोक्याची चिकटपट्टी काढू पाहणारी आई. कुत्र्याची दोरी धरून चालणारा माणूस. हाताला प्लास्टर असलेली माझी मैत्रीण. आपण सगळेच दिवसातून कितीतरी वेळा एका हाताचे होतो. नख खाचेत घालून दोन हातांनी उघडायचा तो आपला जुना लाल स्विस चाकू अशा वेळी खिशात असून नसल्यासारखा.

शनिवारी दुकान उघडताच हजर झाले. दुकानदाराने कापडाचा ट्रे पुढे ओढला आणि दोन इंचांच्या आतले जेवढे होते तेवढे सगळे मांडले. मी प्रत्येक हातात घेतला. हा भाग घाईत सांगायचा नाही.

खटक्याच्या चाकूंत मुख्य दोन तऱ्हा. एकात पातं बाजूने गोल फिरून उघडतं, नेहमीच्या घडीच्या चाकूसारखं. दुसऱ्यात ते मुठीच्या टोकातून सरळ पुढे येतं. सरळ येणारा आधी हातात घेतला, मायक्रोटेकचा एक्झोसेट, पातं १.९८ इंच. त्यात बटणाऐवजी सरकती कळ असते. अंगठ्याने पुढे ढकलली की पातं बाहेर, मागे ओढली की पातं आत. मिटतानाही दुसऱ्या हाताची गरज नाही! गंमत म्हणजे मिटलेल्या अवस्थेत त्याची स्प्रिंग ताणलेली नसते. ताण कळ सरकवताना तुमचा अंगठाच देतो. स्प्रिंग पात्याला सुरुवातीचा धक्का देते, पुढचं अंतर ते स्वतःच्या वेगाने जातं आणि टोकाला अडकून पक्कं होतं. वाटेत काही आडवं आलं तर ते मध्येच थांबतं आणि हाताने ओढून जागेवर बसवावं लागतं. आत-बाहेर सरकायला फट लागते, म्हणून पातं किंचित हलतं. त्या यंत्राच्या प्रेमात पडायला मला क्षणही लागला नाही. पण माझ्या कामात माती आहे, सुतळीचा भुसा आहे, आणि त्या सुंदर फटीत तो सगळा जाऊन बसला असता.

मग बाजूने उघडणारे. इथे तर मी हरखूनच गेले. पाहा कसं चालतं ते. पातं ज्या खिळीभोवती फिरतं तिथेच वेटोळ्याची स्प्रिंग बसवलेली असते आणि ती सतत पात्याला बाहेर ढकलत असते. तिला अडवून धरतं ते बटण. बटण म्हणजे वरची टिकली नुसती. खाली तो एक छोटा दट्ट्या असतो, काही भाग जाड, काही बारीक. पात्याच्या बुडाला खाच असते आणि दट्ट्याचा जाड भाग त्या खाचेत रुतलेला असतो. बटण दाबलं की दट्ट्या खाली जातो, बारीक भाग खाचेसमोर येतो, पात्याची वाट मोकळी. पातं पूर्ण उघडलं की त्याची दुसरी खाच समोर येते आणि दट्ट्या उसळून तिच्यात जाऊन बसतो. तोच खटका सोडणारा, तोच कुलूप लावणारा! मिटताना पुन्हा बटण दाबायचं आणि पाठीकडून पातं आत ढकलायचं, बोटं वाटेतून बाजूला ठेवून. इतक्या कमी भागांत इतकं काम करणारी दुसरी वस्तू माझ्या घरात नाही, आणि मी शिवणयंत्र उघडून पाहिलेली बाई आहे.

या तऱ्हेतले दोन मला फार आवडले. एक प्रो-टेकचा रंट, पातं १.९४ इंच. ही कंपनी १९९९ साली सुरू झालेली, लॉस एंजेलिसजवळच्या सान्ता फे स्प्रिंग्समधली. म्हणजे ज्या राज्याने दोन इंचांची रेघ मारली त्याच राज्यात बनलेला हा चाकू. बटणाचा दाब लोण्यासारखा मऊ, सगळ्या कडा अशा घासलेल्या की बोट कुठेच अडत नाही. दुसरा कर्शॉचा लाँच ४, पातं १.९ इंच. कर्शॉ १९७४ साली ऑरेगनमध्ये निघाली, आणि पुढे जपानच्या सेकी या चाकूंच्या गावात १९०८ साली जन्मलेल्या काई कंपनीने ती घेतली. हा चाकू मात्र अमेरिकेतच बनतो. आजोबांच्या खिशातला हाच.

पात्याच्या पोलादाबद्दल थोडंसंच सांगते, नाहीतर मी थांबणार नाही. लाँचमध्ये सीपीएम १५४ नावाचं पोलाद वापरतात. वितळलेलं पोलाद फवारून त्याची पूड करायची आणि ती पूड उष्णता आणि प्रचंड दाबाखाली पुन्हा एकजीव करायची. त्यामुळे आतले कठीण कण बारीक आणि सारखे पसरतात, धार टिकते आणि गंजही सहजासहजी चढत नाही. एवढ्याशा पात्याला धार लावणं म्हणजे सिरॅमिकच्या कांडीवर चार हात फिरवणं. पाटा नको, पाणी नको.

दोन इंचांच्या आत होतं तरी काय, असं नवऱ्याने विचारलं. सगळं होतं! सुतळी, चिकटपट्टी, खतांच्या पिशव्या, तांदळाच्या पोत्याची शिवण, कपड्यांवरच्या किमतीच्या चिठ्ठ्या, कलमाची फांदी, फिरायला गेल्यावर वाटेत पेरू. कलिंगड होणार नाही, आणि खिशातल्या चाकूने कलिंगड कापायचं कशाला? लहान पात्याचा खरा फायदा ताब्यात आहे. टोक तर्जनीच्या इतकं जवळ असतं की खोक्याची पट्टी चिरताना आतली साडी चिरली जात नाही. लांब पात्याने मला हे कधीच साधलं नसतं.

निवडताना काय बघायचं, तेही सांगते, कारण इथेच माणसं दिसण्यावर भुलतात. बटण मुठीच्या पातळीत किंवा किंचित खोलगट हवं, म्हणजे खिशात चुकून दाबलं जात नाही. काहींना वेगळी सुरक्षा-कळ असते. पर्स वापरणाऱ्यांनी तीच घ्यावी. क्लिप घट्ट हवी, म्हणजे चाकू खिशाच्या कडेला उभा राहतो आणि तळाशी किल्ल्यांत लोळत नाही. मूठ मुठीत घेऊन बघा. चार बोटं मावणार नाहीत, तीन मावली पाहिजेत, नाहीतर उघडतानाच्या धक्क्याने तो हातातून निसटतो. आणि पातं उघडल्यावर टोक धरून हलकेच हलवून पाहा. बाजूने उघडणाऱ्यात ते हलता कामा नये.

दोन-तीन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. कॅलिफोर्नियात बारावीपर्यंतच्या शाळांच्या आवारात उघडल्यावर पक्कं बसणारं घडीचं पातं चालत नाही, मग ते कितीही लहान असो. मुलांना आणायला जाताना चाकू घरी राहू द्या. विमानात हातातल्या सामानात कुठलाच चाकू नको. राज्य बदललं की नियम बदलतात. टेक्सासने २०१३ मध्ये बंदी उठवली, न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत कायदा अजून कडक आहे, तेव्हा एडिसनच्या मंडळींनी आधी वाचावं आणि मग घ्यावं. ब्रिटनमध्ये तर २०२१ पासून असा चाकू घरात ठेवणंही गुन्हा आहे, म्हणून लंडनच्या बहिणीला भेट द्यायचा माझा बेत मी जागच्या जागी सोडला. भारतात नेण्याचा विचारही करू नका.

मी लाँच ४ घेतला, हिरव्या मुठीचा, शंभर डॉलरच्या आसपास. रंट त्याहून देखणा आहे यात शंका नाही, पण मातीत आणि खतात रोज घालायला मला हाच बरा. पहिलाच घेत असाल तर माझी शिफारस हीच: बाजूने उघडणारा, १.९ इंचांचा, अ‍ॅल्युमिनियमच्या मुठीचा. फक्त छायाचित्र बघून मागवू नका. दुकानात जा, दोन इंचांच्या आतले सगळे ट्रेवर मांडायला सांगा, आणि एकेक हातात घेऊन उघडा-मिटा.