बोटीच्या पायाचे दुखणे

बोटीचा आवाज घरातल्या आजोबांच्या खोकल्यासारखा असतो. रोजचा असला म्हणजे कोणी मान वर करून पाहत नाही. पण एखाद्या सकाळी त्याचा सूर बदलला की सारे घर कान टवकारते. आमच्या बोटीचा सूर बदलला तो नारळी पौर्णिमेनंतर, पावसाळाभर शाकारून ठेवलेली बोट पाण्यात लोटली तेव्हा. सरळ जाताना बारीक गुरगुर. चाक उजवीकडे वळवले की जात्यावर काहीतरी भरडावे तशी घरघर.

बोट आम्हा तिघा मित्रांची, अलिबागकडच्या एका खाडीतली. तिचे यंत्र म्हणजे स्टर्नड्राइव्ह. हे प्रकरण जरा उलगडून सांगायला हवे. होडीच्या मागे टांगलेले मशीन आपण पाहिलेले असते आणि लाँचच्या पोटातले इंजिनही पाहिलेले असते. स्टर्नड्राइव्ह हा या दोन घराण्यांतला विवाहसंबंध आहे. इंजिन पोटात, आणि मागच्या भिंतीबाहेर पाण्यात सोडलेला ॲल्युमिनियमचा एक पाय. इंजिनाची फिरकी भिंतीतून बाहेर येते, पायात काटकोनात खाली वळते आणि तळाशी पुन्हा काटकोनात वळून पंख्याला मिळते. वेगळे सुकाणू नाही. पाय वळेल तशी बोट वळते. ओहोटीला पाणी उथळ झाले की पाय वर उचलून घ्यायचा. आमच्यासारख्या चिखलाच्या खाडीत ही मोठीच सोय. स्वीडनच्या व्होल्वो पेंटा कंपनीने १९५९ साली हे यंत्र 'अक्वामॅटिक' या नावाने बाजारात आणले. त्यामागे जिम विन या अमेरिकन इंजिनिअरची कल्पना होती. दोन वर्षांनी अमेरिकेतून 'मर्क्रूझर' आले आणि मग या पायाने जगभर पाय पसरले.

पण सोय म्हटली की तिच्यामागे कुठेतरी अडचण दडलेली असतेच. फिरता दांडा भिंतीतून बाहेर काढायचा, आणि पाय वळेल तसा तो वाकलाही पाहिजे! म्हणून त्यात ट्रकच्या शाफ्टला असतात तसे क्रॉस बसवतात. दांड्याला भिंतीपाशी आधार द्यायला एक बेअरिंग असते, त्याला गिंबल बेअरिंग म्हणतात. आणि या सगळ्यावर लोहाराच्या भात्यासारखा चुण्याचुण्यांचा रबरी भाता चढवलेला असतो. त्या जागी समुद्र आणि बोटीचे पोट यांच्यामध्ये जे काही आहे ते एवढे रबरच.

आवाजाचे निदान करण्यात आम्ही तिघेही मागे नव्हतो. एकाने पंखा वाकला असे जाहीर केले. जवळचा दुसरा पंखा चढवून पाहिला; घरघर तशीच. दुसऱ्याचे म्हणणे, पायातले गिअर गेले, अख्खा पायच बदलावा लागणार. त्याची किंमत ऐकल्यावर त्याने पुढचा सल्ला दिला. "दिवाळीच्या आत विकून टाकू. गिऱ्हाईक आहे. दाखवताना जोरात आणि सरळ पळवू, म्हणजे आवाज दबून जाईल."

गिऱ्हाईक हा पर्यटकांना खाडीतून फिरवून आणणारा गृहस्थ होता. ते ऐकून माझ्या डोळ्यांसमोर बोटीत बसलेली पोरेबाळे उभी राहिली. "आधी मिस्त्रींना दाखवू, मग काय ते बोलू," असे मी म्हणालो. मित्र नाराज झाला. पण बोट तिघांची असल्यामुळे एकट्याला ती विकताही येत नव्हती.

मिस्त्री ट्रकच्या गॅरेजात हात काळे केलेले. त्यांनी पान्याला हात लावण्याआधी प्रश्न विचारले. गिअर न टाकताही आवाज येतो का? वेगाबरोबर वाढतो की वळताना वाढतो? ठोका पडतो की दळण दळते? आम्ही तिघांनी तीन उत्तरे दिली. "साहेब, बोट वर घ्या," मिस्त्री म्हणाले.

बोट उतारावर ओढून घेतली. असे मशीन कोरडे चालवायचे नसते. पाणी ओढणारे रबरी चक्र बघता बघता जळून जाते. म्हणून पायाच्या दोन बाजूंना पाण्याच्या नळीच्या रबरी वाट्या बसवतात. त्या लावल्यावर पाय थंडीत कानपट्टी बांधलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसू लागला. इंजिन न्यूट्रलवर चालू केले तरी आवाज होताच. पंखा स्थिर होता, तेव्हा पंखा निर्दोष सुटला. मग मिस्त्रींनी लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक जागोजाग टेकवले आणि मूठ कानाला लावली. पाय किंचित वळवायला सांगितला, तशी भिंतीजवळ घरघर वाढली. इंजिन बंद करून त्यांनी पायाच्या तळाचा बूच काढला. तेलात पाणी गेले असते तर ते दुधासारखे पांढरट झाले असते. ते तसे नव्हते. बुचाच्या लोहचुंबकावर करडा लेप होता, पण लोखंडाची कपची एकही नव्हती. गिअरही सुटले.

पाय उतरवला तेव्हा भात्यातून पेलाभर तांबूस पाणी सांडले. क्रॉस मोकळे फिरत होते. मिस्त्रींनी मला जवळ बोलावले. "घाला बोट आत, आणि फिरवा." बेअरिंग वाळू भरल्यासारखे खरखरत होते. बोटीचे दुखणे अखेर बोटालाच कळले!

"साहेब, आवाज बेअरिंगचा, पण रोग या रबराचा," मिस्त्री भाता उलगडत म्हणाले. एका चुणीच्या खोल बेचक्यात नखाएवढी चीर होती, आणि शेजारी खाऱ्या पाण्यात चिकटणाऱ्या धारदार शिंपल्यांची खपली. मागच्या हंगामात पाणी शिरले, पावसाळाभर आत साचून राहिले आणि बेअरिंग गंजले. चीर आणखी वाढली असती तर नांगरावर उभ्या बोटीत रात्रभर पाणी आले असते. पंपाने बॅटरी संपेपर्यंत ते उपसले असते, आणि मग बोट तळाला. मित्र ती चीर अंगठ्याने पुन्हा पुन्हा उघडून पाहत होता. त्या संध्याकाळी त्याने गिऱ्हाइकाला फोन केला. काय बोलला ते आम्ही विचारले नाही.

नवे बेअरिंग आणि नवा भाता यांचा खर्च पायाच्या किमतीपुढे किरकोळच. पण ते चढवण्यापूर्वी मिस्त्रींनी एक सरळ पोलादी दांडा बेअरिंगमधून इंजिनाच्या तोंडात सरकवून पाहिला. तो अडला. इंजिन पुढच्या बाजूला थोडे बसले होते. वाकड्या रेषेत नवे बेअरिंगही लवकरच दळू लागते. दोन बोटांनी दांडा आतबाहेर सरकेपर्यंत त्यांनी इंजिनाचे नट फिरवले. मग ग्रीस, आणि गिअर ऑईल; तेही खालच्या भोकातून वर चढवायचे, म्हणजे हवा कोंडत नाही. पायावरचा झिजलेला जस्ताचा तुकडा बदलला. खारे पाणी ॲल्युमिनियमऐवजी त्याला खाते. तो रंगवायचा मात्र नाही, कारण रंगवलेले जस्त पायाचे रक्षण करीत नाही. हौशी मालक नेमके तेच करतात. पावसाळ्यात पाय रुबाबात वर उचलून ठेवण्याचीही अशीच एक हौस आहे. त्याने भात्याला कायमची घडी पडते. पाय खालीच सोडून ठेवावा.

आता वळताना घरघर नाही. मंद चालीत पायातून थोडी खडखड येते, ती मिस्त्रींच्या मते गिअरांची जन्मजात आहे आणि तिच्या मागे लागू नये. येत्या मे महिन्यात पाय पुन्हा उतरवून भाता उलगडून पाहायचा, असे आमचे ठरले आहे. त्याची मजुरी कोणी द्यायची, हे अजून ठरलेले नाही.