उंदराचा वाघ, वाघाचा उंदीर

हितोपदेशाच्या 'संधी' या प्रकरणातील महातपा मुनीची गोष्ट मराठी वाचकाला नव्याने सांगावी लागत नाही. कावळ्याच्या तोंडातून निसटलेले उंदराचे पिल्लू मुनी वाढवतो. त्याचे मांजर, मांजराचे कुत्रे, कुत्र्याचा वाघ करतो. आणि वाघ उलटताच त्याला मूळ रूपात नेऊन ठेवतो. त्यातला शाप तर मराठीत म्हणीसारखा रुळला आहे, आणि वर चढलेल्या माणसाला त्याची 'पायरी' दाखवण्यासाठी तो कसा वापरला जातो हेही सर्वज्ञात आहे. याच कथेवर मार्शा ब्राउन (१९१८–२०१५) या अमेरिकन चित्रकर्तीने १९६१ मध्ये 'वन्स अ माउस' हे चित्रपुस्तक केले. त्याला १९६२ चे कॅल्डिकॉट पदक मिळाले.

अमेरिकन ग्रंथालय संघटनेतर्फे १९३८ पासून दिले जाणारे हे पदक तीनदा मिळवणाऱ्या त्या पहिल्याच. (२००७ मध्ये डेव्हिड वीझनर यांनी ती संख्या गाठली.) 'सिंड्रेला' १९५५ ची, 'शॅडो' १९८३ ची मानकरी. मात्र या तिन्ही पुस्तकांत एकच 'हात' शोधू पाहणाऱ्या समीक्षकाची निराशा होते. पहिल्यात हलकी, तरंगती रेषा. दुसऱ्यात लाकडी ठशांचा खरबरीतपणा. तिसऱ्यात कातरलेल्या काळ्या आकृत्या. कलावंताच्या अनन्य शैलीची आपली लाडकी कल्पना येथे अपुरी पडते. गोष्ट बदलली की माध्यम बदलायचे, एवढाच ब्राउन यांचा नियम दिसतो. चाळीसच्या दशकात न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात त्या मुलांना गोष्टी सांगत असत. निवेदन आणि चित्र यांचे नाते त्यांना श्रोत्यांच्या चेहऱ्यांवरून कळले असावे.

'वन्स अ माउस'मधील खरा बदल मात्र चित्रांच्या आधी कथेत आहे. हितोपदेशात मुनीने उंदराला वाघ केले असे लोक बोलतात, ते ऐकून वाघ अस्वस्थ होतो. ब्राउन यांच्या पुस्तकात हे लोकच नाहीत. वाघाचा ताठा पाहून मुनी स्वतःच त्याला त्याचे उंदीरपण ऐकवतो. परिणामी उपकारकर्ता निर्दोष राहत नाही. अपमानाचा उगम त्याच्याच तोंडी येतो. शिवाय संस्कृत नीतिकथेचा रोख 'नीचा'ला मिळालेल्या उच्च पदावर आहे, तर येथे तो लहान आणि मोठे या भेदावर येतो. लहानपण हा तर बालवाचकाचा रोजचाच अनुभव. जन्मावरून ठरणारी नीचता आणि आकाराचे लहानपण या दोन गोष्टी एक नव्हेत. पण या सरकण्याने कथेतील सामाजिक दंश नाहीसा झाला की केवळ झाकला गेला, याचा निर्णय सोपा नाही.

चित्रे येथे संहितेच्या विरोधात साक्ष देतात. मोजकेच रंग: पिवळा, हिरवा, लाल. मुनी, वाघ, झाड सगळे एकाच लाकडाच्या शिरांतून उमटलेले. कथा ज्यांच्यात उतरंड लावते, त्यांना ठसा एकाच जातीचे करून टाकतो. पदक देणाऱ्यांना हा ताण जाणवला होता काय, हा प्रश्न गैरलागू आहे. पुरस्काराने अर्थ मिटत नाहीत. 'शॅडो'तील आफ्रिकेच्या चित्रणावर तर पदकानंतरही आक्षेप घेतले गेलेच.

शेवटी उंदीर जंगलात पळून जातो. मुनी पहिल्या पानावरच्याच विचारात पुन्हा गढून जातो, लहान काय आणि मोठे काय. आणि त्याला उत्तर सापडले की नाही, हे ब्राउन सांगत नाहीत.