झुइकाकू परत का न्यावी लागली?

वर्धा,
९ डिसेंबर

चि. अभय,

तुझे पत्र मिळाले. सागरी युद्धाचा निकाल बुडालेल्या जहाजांवरून काढावा, माणसे काय पुन्हा भरती करता येतात, हे तुझे म्हणणे मला पटले नाही. का पटले नाही ते सविस्तर लिहितो. २६ ऑक्टोबर १९४२ रोजी प्रशांत महासागरात सांताक्रूझ बेटांजवळ जपानी आणि अमेरिकन आरमारांची गाठ पडली. तुझ्या हिशेबाने ती लढाई जपानने जिंकली. अमेरिकेची ‘हॉर्नेट’ ही विमानवाहू नौका बुडाली, ‘एंटरप्राइझ’ जबर दुखावली आणि जपानची एकही विमानवाहू नौका बुडाली नाही. तरीही जपानची विमानवाहू ‘झुइकाकू’, जिला एकही बॉम्ब लागला नव्हता, ती मायदेशी परत न्यावी लागली. तिच्यावरून उडायला पुरेशी माणसे उरली नव्हती. त्या एका दिवसात वैमानिक, निरीक्षक आणि बिनतारी संदेशवाले मिळून जपानची १४८ माणसे गेली, अमेरिकेची तीसपेक्षा कमी. गेलेल्यांत पथके आणि तुकड्या चालवणारे वीसहून अधिक नायक होते. पर्ल हार्बरवर टॉर्पेडो विमाने घेऊन गेलेला मुराता त्यांच्यातच होता.

जपानी वैमानिकांचा कणा मिडवेच्या लढाईत मोडला, असे पुष्कळदा सांगतात. ते तितकेसे खरे नाही. जून १९४२ मध्ये मिडवेला चार विमानवाहू नौका गेल्या, पण विमानांतून लढणारी माणसे सुमारे ११० गेली, म्हणजे सांताक्रूझपेक्षा कमीच. त्या नौकांबरोबर विमानांची देखभाल करणारे सातशेहून अधिक कसबी मेकॅनिक बुडाले, हा घाव माझ्या मते जास्त खोल होता आणि त्याची चर्चा फार कमी होते. समुद्रावर खाली ओळखीची नदी नसते, गाव नसते. तीनशे किलोमीटर जाऊन शत्रू शोधायचा आणि तेवढ्यात जागा बदललेल्या आपल्या नौकेवर परत उतरायचे, हे काम नवखा मुलगा पुढच्या विमानाकडे पाहत शिकतो. पुढचे विमान पडले की मागचे चार जण नुसतेच धीट उरतात. म्हणून १४८ हा आकडा एकेक करून मोजणे चूक आहे. त्या नायकांच्या हाताखाली पुढच्या वर्षी जे तयार झाले असते, तेही त्याच दिवशी गेले.

यावर तू म्हणशील, अमेरिकेच्या कारखान्यांपुढे जपान असाही हरलाच असता. हरला असता, हे मान्य. पण जपानला विमाने कमी पडली नव्हती. १९४२ मध्ये त्याने सुमारे नऊ हजार विमाने बांधली आणि १९४४ मध्ये अठ्ठावीस हजार. कारखाने तिपटीने चालले, वैमानिकांची शाळा मात्र चालली नाही. युद्धापूर्वीची निवड इतकी कडक होती की १९३७ च्या एका तुकडीत दीड हजार उमेदवारांतून सत्तर घेतले आणि पंचवीसच पार पडले. ही पद्धत उत्तम वैमानिक देते, जास्त वैमानिक देत नाही. त्यातून जे निघाले त्यांना मरेपर्यंत आघाडीवर ठेवले. नव्याने उभी केलेली पथकेही १९४३ मध्ये राबौलच्या तळावरील धावपट्ट्यांवर पाठवून झिजवली. पुढे इंधन आटले आणि शिकाऊ मुलांचे उड्डाणाचे तासही घटले. जून १९४४ मध्ये मारियाना बेटांजवळ एकाच दिवशी जपानची दोनशेहून अधिक विमाने पडली. ज्या झुइकाकूवर १९४२ मध्ये ओरखडाही उठला नव्हता, तिला २५ ऑक्टोबर १९४४ रोजी लेतेच्या लढाईत शत्रूला भुलवण्यासाठी आमिष म्हणून पुढे केले आणि ती तिथेच बुडाली.

‘तरबेज माणसे मागे ठेवली तर लढणार कोण?’ हा आक्षेप मात्र वजनदार आहे. जपानी सेनापतींना ग्वाडलकनाल बेट तेव्हाच हवे होते. पण १९४२ मध्ये अमेरिकेकडेही माणसे थोडीच होती. तरी तिने लढून आलेल्यांना परत बोलावून शिकवायला बसवले आणि समुद्रात पडलेल्यांना उचलण्यासाठी पाणबुड्या व उडत्या नौका ठेवल्या. त्यासाठी आजची एखादी लढाई कमकुवत होऊ द्यावी लागते, आणि ती किंमत जपानने कधी दिली नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच घरचा. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ आपल्या नौदलाची पाणबुडीविरोधी युद्धनौका ‘खुकरी’ पाकिस्तानी पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले, तरी आठवड्याभरात भारताने युद्ध जिंकले. मग माणसांच्या नुकसानीने काय बिघडले? युद्धाचे काही बिघडले नाही, कारण ते दोन आठवडेही चालले नाही. शत्रूची पाणबुडी ऐकायला शिकलेले कान एका रात्रीत गेले, पण त्यांच्या जागी दुसरे तयार करण्याची वेळ त्या युद्धात आली नाही. तेच युद्ध सहा महिने लांबले असते, तर पश्चिम किनाऱ्यावर ही उणीव दर आठवड्याला जाणवली असती, असे मला वाटते. कसबी माणसांचा तोटा लांबलेल्या युद्धातच भोवतो.

आणि आपल्या जिल्ह्याचे काय? वर्ध्याला समुद्र नाही, पण पुलगाव आहे, जिथे देशाच्या सैन्याचा दारूगोळा साठवलेला असतो. ३१ मे २०१६ च्या पहाटे तिथे सुरुंगांच्या शेडला आग लागली आणि ती रोखायला गेलेले दोन लष्करी अधिकारी व अग्निशमन दलाचे अनेक जवान मृत्युमुखी पडले. शेड पुन्हा बांधता येते, सुरुंगही नव्याने बनतात. कोणत्या साठ्याला आग कशी धरते आणि माणसांना किती अंतरावर थांबवायचे, हे ज्यांना कामाने शिकवले होते, त्यांच्याकडून ते पुढच्या फळीने घ्यायचे राहून जाते. आघाडीवर शत्रूची घाई असते, ही जपानची सबब पुलगावला लागू होत नाही. शांततेच्या काळात अनुभवी माणसाला वर्षाचे काही महिने फक्त शिकवायला ठेवणे सहज शक्य आहे आणि ते व्हायलाच हवे.

तू जो लेख लिहायला घेतला आहेस, त्यात जहाजांचे आणि विमानांचे तक्ते जरूर दे. पण प्रत्येक लढाईपुढे आणखी एक रकाना आख: गेलेल्यांपैकी शिकवू शकणारे किती होते आणि मागे किती उरले. तो भरून झाला की मला पाठव.

तुझा,
काका