बातमी सांगितल्यानंतर

रत्नागिरी

चि. मधुरा,

रुग्ण दगावल्याचे नातेवाइकांना सांगितले म्हणून रुग्णालयाचे काम संपत नाही. “सांगितलं, सही घेतली, झालं,” हे फोनवरचे तुझे वाक्य मनातून जात नाही, म्हणून हा कागद.

ही बातमी पॅसेजमध्ये उभ्याउभ्या सांगू नये. दार लागेल अशी खोली असावी. घरच्यांना काय ठाऊक आहे ते आधी विचारावे आणि मग ‘मृत्यू झाला’ असेच म्हणावे. ‘सीरियस आहे’ म्हटल्याने आशा उगाच लांबते. मुलगा मुंबईत असतो, गेलेल्या म्हातारीजवळ शेजारीण. हे तर कोकणात नेहमीचेच. त्याला फोन करताना तो गाडी चालवत नाही ना, सोबत कुणी आहे ना, हे पाहावे लागते. तो साडेतीनशे किलोमीटर येईपर्यंत मृतदेह शवागारात राहतो, आणि त्या रात्रीत शेजारणीने कुणाला काय विचारायचे हे तिला कुणीच सांगत नाही.

म्हणून परिचारिका असो वा समाजसेवा अधीक्षक, एकाच माणसाने बातमीपासून शववाहिका फाटकाबाहेर पडेपर्यंत त्या कुटुंबाला धरून राहावे. (मावशीचे जुने तुणतुणे! तुझी आई हसेल.) सर्पदंशाने माणूस गेला तर पंचनामा आणि शवविच्छेदन आलेच. घरच्यांना ती विटंबना वाटते. पण शेतकऱ्याच्या वारसांना गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतले २ लाख मिळवताना शवविच्छेदनाचाच अहवाल लागतो, हे त्या माणसाने त्याच वेळी सांगितले तर राग निवळतो. बिल थकले म्हणून मृतदेह अडवता येत नाही, हेही राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत आहे; गरीब माणूस ते विचारायला धजत नाही.

शेवटचे दर्शन ही सर्वांत मोठी गोष्ट. मार्च २०२० च्या केंद्राच्या कोविड सूचनांतसुद्धा मृतदेहाच्या पिशवीची चेन उघडून चेहरा दाखवायला परवानगी होती. तरी कितीतरी घरांना चेहरा दिसला नाही, आणि ती माणसे अजून त्याच दिवसात अडकलेली आहेत.

आणि सलग पाळ्या करून, उपाशीपोटी असल्या बातम्या देत जाऊ नकोस. तुझा आवाज त्या दिवशी फोनवर बरा वाटला नाही. मेट्रनबाईंकडे अशी बातमी द्यायला निदान एक खोली माग. चार खुर्च्या, पिण्याचे पाणी आणि पंखा, एवढे पुरे.

तुझी,
मावशी