आपल्यापुरतं ओझं

घरातली बाई प्रवासाला निघाली की तिच्या पिशवीत तिचं स्वतःचं असं फार थोडं असतं. ‘ह्यां’च्या रक्तदाबाच्या गोळ्या, मुलांचा खाऊ, कुणाला थंडी वाजली तर शाल, कुणाला मळमळलं तर आवळासुपारी. गाडीने जायचं असलं की हे सगळं खपून जातं. पण पायी जायचं आणि रात्रीचा मुक्काम झाडाखाली करायचा म्हटलं, की त्यातल्या प्रत्येक वस्तूचं वजन गुडघ्यांना कळतं.

माझ्या गुडघ्यांची कुरकुर पन्नाशीआधीच सुरू झालेली. आम्ही चौघी मैत्रिणींनी २०२४ च्या फेब्रुवारीत केळशीहून निघून आडे, पाडले, आंजर्ले, हर्णै असं करत महर्षी कर्व्यांच्या मुरुडपर्यंत किनाऱ्याने तीन दिवस चालायचं ठरवलं, तेव्हा डॉक्टरांनी एकच अट घातली. पाठीवर सात किलोंच्या वर काही घ्यायचं नाही. जमलं तर जायचं, नाही तर घरी बसायचं. मग मी स्वयंपाकघरातला वजनकाटा बाहेरच्या खोलीत आणला आणि एकेक वस्तू त्यावर ठेवत गेले.

सर्वांत मोठी बचत झोपण्याच्या सामानात होते. दोघींचा तंबू अडीच-तीन किलोंचा, शिवाय खाली अंथरायची गादी वेगळी. त्याऐवजी आम्ही झोळ्या घेतल्या. तान्ह्या मुलाला आपण साडीच्या झोळीत निजवतो, तीच ही कल्पना. मोठ्या माणसाचं वजन पेलायचं म्हणून कापड मजबूत नायलॉनचं, एवढाच फरक. (घरची जुनी साडी यासाठी वापरू नका, विरलेलं कापड मध्यरात्री दगा देतं.) बांधायच्या पट्ट्यांसकट झोळी आठशे ग्रॅम भरली. जमीन ओली असो की खडबडीत, आपल्याला काही फरक पडत नाही. विंचू-किड्यांची धास्तीही कमी.

झोळी बांधायची ती मात्र नीट. झाडं चार-पाच पावलांवर हवीत. पट्टे रुंद असावेत, म्हणजे साल सोलली जात नाही. झोळी ताठ ओढू नये. जितकी ताठ, तितका पट्ट्यांवर आणि झाडांवर ताण जास्त. मध्ये चांगला झोल ठेवावा, बसलं की खुर्चीइतकी उंची राहावी, आणि निजताना थोडं तिरकं निजावं, म्हणजे पाठ सरळ राहते. नारळाखाली मात्र कधीही बांधू नये. नारळ सांगून पडत नाही! आम्ही वाडीच्या मालकांना विचारून आंब्या-फणसांना बांधल्या.

पांघरुणासाठी सासूबाईंनी गोधडी काढून ठेवली होती. ती काट्यावर पावणेदोन किलो. समुद्रकाठी फेब्रुवारीत तिची गरज नसते. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा, झोळीत थंडी वाजते ती खालून, कारण वारा पाठीखालून जातो. म्हणून मी एक मऊ सुती साडी घेतली. अर्धी खाली घडी करून, अर्धी वर. साडेचारशे ग्रॅम. तीच कपडे बदलताना आडोसा झाली, दुपारी उन्हात डोक्यावर आली. एका वस्तूने दोन-तीन कामं केली, तरच तिला पिशवीत जागा, हा नियम सोपा आहे.

टर्किशचा टॉवेल गेला, पंचा आला. स्टीलचा डबा गेला, दशम्या फडक्यात बांधल्या. साबणाची वडी कापून पाव घेतली. कपडे अंगावरचे सोडून एकच जोड. संध्याकाळी धुवायचा, सकाळी घालायचा. वाटेत गावं लागतात, म्हणून खाणं एका दिवसापुरतंच.

शेवटचा हिशेब असा झाला: झोळी आठशे ग्रॅम, मच्छरदाणी तीनशे, दवापासून बचावाला वरचं कापड पाचशे, साडी साडेचारशे, कपडे सातशे, रिकामी पिशवी आठशे, विजेरी-औषधं वगैरे साडेचारशे, खाणं पाचशे. बरोबर साडेचार किलो. वर दोन लिटर पाणी, म्हणजे दोन किलो.

पाण्यात काटकसर करू नका, मच्छरदाणीतही नाही. डास पातळ कापडातून खालूनही चावतात, म्हणून मच्छरदाणी झोळीला खालून वेढणारी हवी. औषधं, दोरी, सुई-दोरा मात्र चौघींत मिळून एकेकच घेतलं आणि वाटून उचललं.

खरी कठीण गोष्ट वेगळीच होती. प्रत्येक वस्तू काट्यावर ठेवताना मी स्वतःला विचारत होते, ही कुणासाठी? “कुणाला लागली तर,” असं उत्तर आलं की वस्तू बाजूला. बघता बघता बाजूचा ढीग पिशवीपेक्षा मोठा झाला. तो ढीग पाहून थोडं वाईटही वाटलं. आपली गरज लागणार नाही, हे बाईला पटकन पचत नाही.

दुसऱ्या दिवशी आंजर्ल्याहून मी घरी फोन केला. म्हटलं, “गोळ्या सापडल्या का?” हे म्हणाले, “सापडल्या की. कपाटात डाव्या हाताला होत्या.” पंचवीस वर्षं त्या तिथेच आहेत!

त्या रात्री झोळीत पडल्या पडल्या समुद्राची गाज ऐकली. गुडघे दुखत होते, नाही असं नाही, पण दुसऱ्या दिवशी चालता येईल इतपतच. मुरुडला पोचलो तेव्हा चौघींपैकी एकीलाही कुणाची पिशवी धरावी लागली नव्हती.

तुम्ही झोळी बांधा किंवा न बांधा. पुढच्या प्रवासाआधी एकदा आपली पिशवी काट्यावर जरूर ठेवा, आणि त्यातलं आपलं किती, ते वेगळं मोजून पाहा. बाकीचं ज्याचं त्याच्या हातात द्या. घरातली माणसं तेवढी सशक्त असतात.