परतीचे पाणी

लातुरात बसून समुद्र पाळणे हा मुळातच उद्दामपणा होता. २०१५ साली मी काचेची टाकी मांडली. (खडक घडवणारे प्रवाळ २००१पासून कायद्याने संरक्षित, म्हणून मृत खडक आणि दोन क्लाउन मासे.) खाली पाणी गाळणारा छोटा हौद, त्यातून पाणी वर परत नेणारा पंप. खोक्यावर छापलेला ताशी लिटरचा आकडा शून्य उंचीचा असतो, हे तेव्हा उमगले नाही. दीड मीटर चढ, अरुंद नळी आणि तीन एल्बो यांतून वर पोहोचली ती बारीक धार. नळी रुंद केली, दोन एल्बो काढले.

राहिली ती वीज जाण्याची गोष्ट. पंप थांबला की त्याच नळीतून टाकीतले पाणी उलटे खाली उतरते. म्हणून पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली नळीला बारीक छिद्र पाडतात; पातळी उतरताच हवा आत शिरते, ओढ तुटते. मी ते पाडले नव्हते.

एप्रिल २०१६. मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोहोचली, त्याच आठवड्यातल्या एका रात्री वीज गेली आणि हौद फरशीवर वाहिला. आई फडक्याने टिपून बादलीत पिळत होती.

"खारट आहे, आई. झाडांनाही चालायचं नाही."

"मग सांभाळायलास कशाला?"

पुढे नांदेडला टाकी पुन्हा मांडताना आधी छिद्र पाडले. टाकीसाठी लिटरभर शुद्ध पाणी काढताना आर.ओ. दोन-तीन लिटर मोरीत सोडत असे, हे आईला अजून सांगितलेले नाही.